वाढत्या अंगाचे घर

२०२५ चा पाऊस उघडल्यावर मी चऱ्होलीतील कुटुंबांच्या भेटी घेण्यास निघालो. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तेव्हा येथे शेते होती. आज त्याच शेतांत बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. नगरकडून, वसईहून, गोव्याहून, मंगळूरकडून चाकण-भोसरीच्या कारखान्यांपायी आलेली आपली माणसे त्या इमारतींत विखुरली आहेत. धर्मगुरूने यावे, घराला आशीर्वाद द्यावा, चहा घ्यावा आणि कोणाची नोकरी, कोणाचे दुखणे, कोणाचे जमत आलेले लग्न यांची वास्तपुस्त करून पुढच्या मजल्याकडे वळावे, असा या भेटींचा क्रम असतो. त्या संध्याकाळी सातव्या मजल्यावर तो मोडला.

दार उघडे होते आणि दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या बोळात, प्लास्टिकच्या खुर्चीवर घरातील आजी हातात रोझरी घेऊन बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, बाहेर का बसलात?"

"आत लांबडं हाय, फादर. पोरगं त्याचा डबा धुतंय. त्याचं धुऊन होईस्तोवर मी आत जायची न्हाई."

आमच्या नगरकडील खेड्यांत दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नाहीत. त्याला 'जनावर' म्हणतात, नाहीतर 'लांबडं'. त्यामुळे आजी काय म्हणत आहेत हे मला तत्काळ उमगले. पण सातव्या मजल्यावर लांबडे कोठून आले आणि त्याचा डबा कोणता, हे मात्र आत गेल्यावरच कळले.

घर तसे लहान. एक बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर. वडील चाकणला कारखान्यात तिन्ही पाळ्या करतात, आई बालवाडीत शिकवते, मुलगी दहावीत, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. आतल्या खोलीत एका भिंतीशी आजींची खाट, दुसऱ्या भिंतीशी नातवाची. आणि नातवाच्या खाटेखाली, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, तीन वर्षांपासून एक साप राहत होता. महाविद्यालयातील एका वरच्या वर्गातील मुलाने गाव सोडताना २०२२ मध्ये तो याच्या हवाली केला होता. मुलाने त्याचे नाव मुन्ना ठेवले होते.

हा आपल्या रानातला साप नव्हे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात राहणारी ही अजगराची एक लहान जात आहे. भ्याला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. विष नाही, चावरेपणा फारसा नाही. जगभर पाळीव म्हणून सर्वाधिक ठेवल्या जाणाऱ्या सापांत त्याची गणना होते. मी कागदपत्रांची चौकशी केली. मुलाने परिवेश या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर २०२४ मध्ये रीतसर नोंदणी केली होती. तेवढे पाहून मला हायसे वाटले.

पण घरच्यांचे समाधान कागदाने होणार नव्हते. आईची तक्रार अशी की, फ्रीजमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर ठेवावे लागतात. आजींची तक्रार, की रात्री डब्याच्या भिंतीवर काहीतरी घासत राहते आणि त्यांचा डोळा लागत नाही. वडिलांनी निकाल दिला होता : नाताळाच्या आत काय तो बंदोबस्त कर. कोणी नातेवाइकाने सुचविले होते की, नदीकाठी नेऊन सोडून द्या, देवाचे जनावर आहे, जगेल. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "फादर, तुम्हीच सांगा ना यांना."

मी काय सांगणार? अशा वेळी 'आईवडिलांचे ऐक' असे सांगून आशीर्वाद द्यावा आणि पुढे व्हावे, हा सोपा मार्ग मला ठाऊक आहे. मी तोच धरलाही असता. परंतु मुलाने डबा खाटेखालून ओढला आणि मी आत पाहिले.

डबा दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात मनगटाहून जाड, काळपट तपकिरी अंगावर वाळूच्या रंगाचे ठिपके असलेला तो प्राणी एकावर एक वेटोळी घालून पडला होता. ती वेटोळी आरामाची दिसत नव्हती. अंगाचा प्रत्येक बाक डब्याच्या भिंतीने ठरविलेला दिसत होता. आणि नाकाच्या टोकावरची खवले झिजून तेथे फिकट, ओलसर जखम झाली होती. ती जखम मी पूर्वी एकदा पाहिली होती.

वाचकहो, येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी कोणाला फारशी सांगितलेली नाही.

धर्मगुरुपदाच्या अभ्यासक्रमात मध्येच दोन वर्षे प्रत्यक्ष कामासाठी पाठवितात. १९९५-९६ च्या सुमारास मी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका मिशन केंद्रात मुलांच्या वसतिगृहावर होतो. एके दिवशी मुलांनी विहिरीजवळ एक तरुण धामण पकडली. धामण बिनविषारी, शेतकऱ्याची मित्र, उंदीर खाणारी, हे मला पुस्तकातून माहीत होते. मुलांना निसर्गाचा पाठ मिळेल अशा उत्साहात मी परवानगी दिली. इतकेच नव्हे, तर अडगळीतील एक पत्र्याची पेटी काढून तिला हवेसाठी मी स्वतः खिळ्याने भोके पाडली. धामण तीन फुटांच्या आसपास असावी. पेटी दीड फुटाची. मुलांनी बेडूक आणून टाकले, तिने तोंड लावले नाही. रात्री पेटीतून सरसर आवाज येई. मी मुलांना म्हणालो, नवी आहे, रुळेल. अठराव्या दिवशी ती मेलेली आढळली. नाकपुडीच्या पुढचा भाग सोलवटून निघाला होता. मुलांनी तिला चिंचेखाली पुरले आणि मी त्यांना सांगितले, रानातले जनावर आहे, माणसाळत नाही, हट्टी असते.

भोके मी बाहेरून आत पाडली होती. खिळ्याने उचकटलेल्या पत्र्याच्या धारा आतल्या बाजूला राहिल्या होत्या. हे माझ्या ध्यानात त्या वेळी आले नाही. आले ते चऱ्होलीतील त्या खोलीत, तीस वर्षांनी, दुसऱ्या सापाचे नाक पाहताना. धामण हा दिवसा हिंडणारा, अतिशय चपळ साप. पूर्ण वाढ झाल्यावर सात-आठ फुटांपर्यंत जातो. तिला मी दीड फुटात कोंबले आणि हट्टी ठरविले. भारतातील कोणताही वन्य साप असा पकडून ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्ज्य आहे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण त्या अज्ञानाच्या आड मी लपू इच्छीत नाही. कायदा नसता तरी पेटी दीड फुटाचीच होती.

म्हणून त्या संध्याकाळी मी वडिलांना म्हणालो, "नाताळापर्यंतची मुदत तुम्ही दिलीच आहे. तोवर मला जरा विचारपूस करू द्या." ते माझ्याकडे चमकून पाहत राहिले. फादर साप पाळणाऱ्याच्या बाजूचे निघतील असे त्यांना वाटले नसावे.

पुढील काही आठवडे सवड मिळेल तेव्हा मी हा विषय धसास लावला. मुलाला घेऊन पुण्यातील, विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी जखमेला मलम दिले, वजन घेतले, एका बारीक बोथट सळईने तपासणी केली आणि पहिलीच गोष्ट सांगितली ती ही की, मुन्ना नर नसून मादी आहे. मुलगा खजील झाला. देणाऱ्याने नर म्हणून दिला होता, याने विश्वास ठेवला होता. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण या जातीत मादी नराहून मोठी होते. नर साधारण तीन-साडेतीन फुटांवर थांबतो. मादी चार, क्वचित पाच फुटांपर्यंत जाते. नराच्या मापाने नेमलेली जागा मादीला कधीच पुरणार नव्हती.

मग लांबीचा प्रश्न आला. मुलाने अभिमानाने एक कात जपून ठेवली होती. ती त्याने टेपने मोजली आणि साडेचार फूट सांगितली. वैद्यबुवा हसले. कात ओली असताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा नेहमी लांब भरते; कातीवरून माप घेणारा स्वतःची फसवणूक करतो. खरे माप दोऱ्याने घ्यावे. साप हातावरून सावकाश सरकत असताना नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या मध्यरेषेवरून दोरा धरत जावे आणि मग दोरा मोजावा. आम्ही तसे केले. पावणेचार फूट भरली. आता डब्याचा हिशेब पाहा. दोन फूट बाय एक फुटाच्या डब्यात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे जरी पडले, तरी सव्वादोन फुटांहून अधिक जागा नाही. म्हणजे तिला आडवे, उभे, तिरपे, कसेही आपले अंग सरळ करता येत नव्हते.

साप वेटोळे घालूनच बसतो, त्याला सरळ जागा कशाला, असा प्रश्न मीही विचारला. साप पाळणाऱ्यांत कित्येक वर्षे हाच समज होता. पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाएवढी भरली की पुरे, असा एक जुना आडाखा आहे आणि तो अजूनही चालतो. २०१९ मध्ये क्लिफर्ड वॉर्विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पशुवैद्यकीय नियतकालिकात या आडाख्यावर बोट ठेवले. जागा मिळाली तर साप वारंवार अंग पूर्ण किंवा जवळजवळ सरळ करतात, आणि सापाच्या लांबीहून आखूड पेटी पुरेशी आहे या समजाला शास्त्रीय आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आता जाणते लोक सांगतात : पेटीची लांबी निदान पूर्ण वाढलेल्या सापाच्या लांबीइतकी, रुंदी तिच्या अर्धी, आणि उंचीही अर्धी. उंची कशासाठी? ही जात जमिनीवरील बिळांत आणि वारुळांत राहते हे खरे, पण रानातले नर झाडांवरही चढतात आणि पक्षी खातात, असे आफ्रिकेतील निरीक्षण आहे. म्हणजे आमच्या मुन्नासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

परंतु लांबीचे खरे महत्त्व मला पटले ते उष्णतेच्या बाजूने. साप आपल्यासारखी अंगात ऊब निर्माण करीत नाही. ती तो जागेकडून घेतो. जेवण झाले की त्याला ऊब हवी, नाहीतर पोटातला उंदीर पचत नाही, सडतो, उलटून पडतो. ऊब पुरी झाली की त्याला गारवा हवा. म्हणून पेटीच्या एका टोकाला ३२ अंश सेल्सियसच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश, असा उतार ठेवावा लागतो आणि साप त्या उतारावर स्वतःच्या गरजेने पुढेमागे सरकतो. आता दोन फुटांच्या डब्याखाली तापणारी गादी घातली, तर हा उतार होईल कोठून? सगळा डबाच तवा होतो. साप तापला तर जाणार कोठे? आमच्या मुलाने गादी लावली होती, पण तापमान आवरणारे थर्मोस्टॅट लावले नव्हते. पुण्याच्या डिसेंबरातील रात्री गारठतात आणि एप्रिलची दुपार चाळिशीला भिडते. त्या दोहोंच्या मध्ये ही गादी आपली सतत चालू. आजींची झोप मोडणारे ते घासणे मला आता निराळे ऐकू येऊ लागले.

वैद्यबुवांना मी आणखी एक विचारले : जागा लहान ठेवली तर साप लहानच राहतो, असे म्हणतात ते खरे काय? तो शुद्ध भ्रम आहे. साप आयुष्यभर थोडाथोडा वाढतच असतो, लहानपणी भराभर आणि नंतर मंदपणे. पेटी त्याची वाढ थांबवीत नाही. अन्न कमी पडले तर तो खंगतो, अन्न भरपूर आणि हालचाल नाही तर चरबी चढते, स्नायू सैल पडतात, ओल आणि कोंदटपणामुळे छाती भरते. घर लहान राहिले म्हणून अंग लहान राहत नाही.

मात्र उलट चूकही होते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू फूट-सव्वा फुटाचे असते. ते जर एकदम चार फुटांच्या मोकळ्या पेटीत टाकले, तर भेदरून अन्न सोडते. म्हणून पुष्कळजण म्हणतात की, पिल्लाला लहान पेटीच द्यावी, आणि त्यात तथ्य आहे. पण दोष मोठेपणाचा नसतो, मोकळेपणाचा असतो. रानात त्याला कुंपण नाही, तरी ते भेदरत नाही, कारण हातभर अंतरावर बीळ असते. मोठ्या पेटीत दोन्ही टोकांना अंगाला चिकटेल अशी एकेक बंदिस्त घळ ठेवली, मध्ये पालापाचोळा, फांद्या, सालीचे तुकडे भरले, तर पिल्लूही तेथे निर्धास्त राहते. हे मी नंतर आजींना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबविले. "यात काय नवीन? तान्ह्या लेकराला थोरल्या पलंगावर टाकलं तर दोन्ही बाजूला उशा लावतोच ना आपण." तीन आठवड्यांत मी जे शिकलो, ते त्यांनी बसल्या जागी सांगितले.

त्यावरून मला आमची आई आठवली. ती गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला नेहमी बजावी, "वाढत्या अंगाचा शिवा." आम्ही भावंडे जूनमध्ये त्या सदऱ्यांत हरवून जात असू आणि मार्चमध्ये तेच सदरे अंगासरसे येत. चऱ्होलीच्या मुलाने मात्र प्रत्येक वेळी आजच्या अंगाचा डबा आणला. पहिला पावाच्या डब्याएवढा, दुसरा हा दोन फुटांचा. तिसरा आणायचा म्हणता म्हणता दीड वर्ष गेले. हा आळस नव्हे. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. भेटीला येणाऱ्या आत्याच म्हणतात, केवढा उंच झाला रे!

या निमित्ताने मी कात्रजलाही जाऊन आलो. गुरुविद्यालयात असताना आम्ही नगर रस्त्यावरून सायकली हाणीत तेथे जात असू. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. पुढे १९९९ मध्ये खुल्या झालेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा ते भाग झाले. याच खैऱ्यांनी १९८० मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले होते. त्या विक्रमाची चर्चा माझ्या लहानपणी नगरपर्यंत पोहोचली होती. तेव्हा आम्हा मुलांना एकच कुतूहल होते : साप त्यांना चावले कसे नाहीत? आता त्या काचेच्या खोलीचा विचार मनात आला, तो सापांच्या बाजूने. त्यांना मात्र तीन दिवसांनी दार उघडून बाहेर पडता येणार होते काय, हे आम्ही कधी विचारले नाही. खैऱ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सापाला पाहताच काठी शोधणाऱ्या महाराष्ट्राला त्यांनी थबकून पाहायला शिकविले, हे मोठे काम आहे.

आपल्याकडे साप आणि मडके, साप आणि पेटारा या जोड्या पूर्वापार आहेत. गारुड्याच्या वेताच्या पेटाऱ्यात चार फुटांचा नाग वेटोळे घालून दिवस काढी. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी आधी काही आठवडे नाग पकडून मडक्यांत ठेवीत. २००२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांचा तो उत्सव बंद झाला. २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोजके नाग केवळ शैक्षणिक प्रयोजनासाठी पकडण्यास परवानगी दिली. त्या गावाच्या श्रद्धेविषयी मी काही बोलणार नाही. तेथील माणसे नागाला भाऊ मानतात; मी तर धामणीला पाठ्यपुस्तकातले चित्र मानले होते. माझ्या पत्र्याच्या पेटीपेक्षा त्यांचे मडके वाईट होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

आणि मोठे झालेले जनावर नदीकाठी सोडण्याची जी सूचना त्या घरात आली होती, तिचे फळ काय होते, हे अमेरिकेतील फ्लोरिडाने पाहिले आहे. ब्रह्मदेशी अजगराचे दोन फुटांचे पिल्लू दुकानातून घरी येई आणि थोड्याच वर्षांत दहा फुटांच्या पुढे जाई. पेटी पुरेना, तेव्हा कित्येकांनी ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सोडले. काही १९९२ च्या वादळात मोडलेल्या पैदासकेंद्रातूनही सुटले असावेत. २००० मध्ये तेथे अजगरांची वीण रुजल्याचे मान्य झाले. ससे, रॅकून, ओपॉसम यांसारखे प्राणी त्या भागातून जवळजवळ दिसेनासे झाले. २०१२ मध्ये अमेरिकेने त्या जातीच्या आयातीवर बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. आमची मुन्ना इंद्रायणीकाठच्या पहिल्याच थंडीत मेली असती, हा त्यातला फरक. पण ते काही सुटकेचे दुसरे नाव नव्हे.

येथे आपल्या घरांतील मुलांसाठी दोन शब्द. हे वाचून कोणी शेतातले पिल्लू बरणीत घालून आणू नये. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, कोणताही देशी साप पाळता येत नाही. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी जातींचेही आता पूर्वीसारखे मोकळे रान राहिलेले नाही : आंतरराष्ट्रीय करारातील यादीत ज्या जाती आहेत, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते, आणि प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. याउपर ज्याला आणायचाच असेल त्याने आधी एक आकडा ध्यानात घ्यावा. हा साप माणसाच्या घरात वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका मादीने अंडी घातली, तेव्हा तिचे वय बासष्टच्या पुढे होते. म्हणजे ती माझ्याहून वडील होती.

हा आकडा मी मुलालाही सांगितला. तो गप्प झाला. त्याला शिक्षण संपवून परदेशी जायचे आहे. त्याची आई माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या मनात काय चालले आहे ते मला स्पष्ट दिसत होते : मुलगा जाईल आणि फ्रीजमधले उंदीर राहतील. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. मुलाने एवढे मान्य केले की, जाण्यापूर्वी तिची व्यवस्था लावल्याशिवाय तो तिकीट काढणार नाही. तोवर तिला दोन फुटांत ठेवता येणार नव्हते.

आमच्या धर्मग्रामातील एक सुतार भोसरीत काम करतात. त्यांना मी माप सांगितले : चार, दोन, दोन; पुढची बाजू काचेची. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून वहीच्या पाठीवर चार रेघा मारल्या आणि म्हणाले, "फादर, एका प्लायमध्ये बसतंय." खरेच होते. बाजारात प्लाय आठ बाय चारचा मिळतो. त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात. एक तळ, एक छत, एक पाठ. चौथ्याचे मधोमध दोन केले की डावी-उजवी बाजू. कर्वतीने खाल्लेले सोडले तर कपटासुद्धा वाया जात नाही. असा चोख हिशेब मी प्रवचनात क्वचितच जमविला असेल. हवेसाठी भोके पाडायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना दोनदा बजावले की, आतून पॉलिश कागद मारा, धार राहता कामा नये. त्यांनी आश्चर्याने पाहिले, पण विचारले काही नाही. सरकत्या काचेला कुलूप बसविले, ते आजींच्या आग्रहास्तव. आणि ते योग्यच होते, कारण साप फटीतून निसटण्यात तरबेज असतो.

पेटी तयार झाली, पण ठेवायची कोठे? सज्जात ठेवता येत नाही. काचेवर ऊन पडले तर आतले जनावर भाजून निघते. बैठकीत वडिलांची हरकत. आतल्या खोलीत दोन खाटा, एक कपाट, मध्ये पाऊल टाकण्यापुरती जागा. आम्ही सारे टेप घेऊन तास-दीड तास या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलो. आजी दारातून पाहत होत्या. नगरच्या खेड्यात त्यांचा चौसोपी नसला तरी अंगणाचा संसार होता. पती गेल्यावर त्या मुलाकडे आल्या आणि तेव्हापासून या सहा बाय तीनच्या खाटेवर त्यांचे जग आहे. माणसालाच अंग पसरायला जागा नाही अशा घरात सापासाठी चार फूट मागायला आपण आलो आहोत, याची मला त्या वेळी फार लाज वाटली. मी टेप गुंडाळू लागलो.

तेव्हा मुलाने स्वतःच्या खाटेवरची गादी उचलली आणि खाटेचे पाय मोकळे करू लागला. लोखंडी खाट दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेली. तिच्या जागी पेटी आली आणि उरलेल्या पट्टीत जमिनीवर त्याचे अंथरूण. तो काही बोलला नाही. वडीलही काही बोलले नाहीत. पण पेटीखाली विटा लावायला तेच वाकले.

नाताळानंतर मी त्या घरी पुन्हा गेलो. बोळात खुर्ची नव्हती. आजी आतल्या खोलीत, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर, पेटीपासून हातभर अंतरावर शाल पांघरून बसल्या होत्या. मुन्नाच्या नाकावर नवी खवले येऊ लागली होती आणि ती गार टोकाच्या घळीत तोंड खुपसून होती. मी आजींना विचारले, रात्री अजून आवाज येतो काय?

"न्हाई. परवा तीन वाजता उठले होते, तवा बघितलं. समदी सरळ झाली होती, फादर. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काठीगत." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखविले. मग म्हणाल्या, "ते दार जरा लोटून घ्या. ऊब जाती."